दुसऱ्यांच्या हातांसाठी

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कुठल्याही स्थानकावर उतरलं, तरी पाट्यांच्या वरच्या कडेला एक आडवी रेघ दिसते. काळी पाटी, पांढरी अक्षरं आणि वर ती बारीक रेघ. शहराची ओळख म्हणून आज ती टी-शर्टांवरसुद्धा छापली जाते. मूळ आराखड्यात मात्र ही रेघ नव्हतीच. १९६६ साली मासिमो व्हिन्येली आणि बॉब नोर्डा या दोन डिझायनरांनी या पाट्यांची पद्धत बसवायला घेतली, तेव्हा त्यांच्या चित्रात वर काळ्या रंगात दाखवली होती ती पाटी धरून ठेवणारी धातूची पन्हळ. सुटे पत्रे त्या पन्हळीत सरकवायचे, गरज पडली की काढून बदलायचे, अशी ती योजना होती. रेल्वेच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या लोकांनी चित्र पाहिलं, पन्हळीलाच रंगाचा पट्टा समजले आणि पत्र्यांवर सरळ काळी रेघ ओढून दिली. तेव्हा पाट्या पांढऱ्या होत्या आणि अक्षरं काळी. पुढे सत्तरच्या दशकात रंग उलटे केले, पट्टा पांढरा झाला, पण तो गेला नाही.

मासिमो आणि लेला व्हिन्येली या दांपत्याच्या कारकिर्दीची ओळख या रेघेपासून करून देण्याला कारण आहे. डिझायनरांची चरित्रं बहुतेकदा त्यांच्या हातून उतरलेल्या वस्तूंची यादी होऊन बसतात. व्हिन्येलींची यादी तर थक्क करणारी आहे: विमान कंपनीचं बोधचिन्ह, ताटवाट्या, खुर्च्या, पुस्तकं, चर्च, चांदीची भांडी, राष्ट्रीय उद्यानांची पत्रकं, स्वतःच्या अंगावरचे कपडेसुद्धा. पण एखादा माणूस संस्था काढतो, दहा शहरांत कार्यालयं उघडतो, तेव्हा त्याचं खरं काम वेगळं असतं. आपल्याला कधीही न भेटणाऱ्या लोकांच्या हातून आपल्या मनातली गोष्ट नीट कशी घडेल, याची तजवीज त्याला करावी लागते. व्हिन्येलींचं मोठेपण मला या तजविजीत दिसतं, आणि त्यांचं अपयशही.

मासिमोचा जन्म १९३१चा, मिलानचा. सोळा-सतराव्या वर्षी तो वास्तुविशारद कास्तिलिओनी बंधूंच्या कार्यालयात आरेखक म्हणून काम करू लागला. युद्धात बॉम्ब पडून मोडलेलं ते शहर. इमारती पुन्हा उभारायच्या होत्या, पण खुर्च्या, दिवे, रेडिओ, मासिकं हेही सगळं नव्याने हवं होतं, आणि अशा कामांसाठी वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या फौजा नव्हत्या. वास्तुविशारदच हे सारं करत. त्यामुळे ‘अनेक क्षेत्रांत वावरणारा डिझायनर’ ही आज मोठ्या कौतुकाने सांगितली जाणारी गोष्ट त्या मिलानमध्ये रोजच्या व्यवहाराचा भाग होती. मासिमो आधी मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये आणि मग व्हेनिसमध्ये वास्तुकला शिकला. विद्यार्थिदशेतच त्याने व्हेनीनी या काचकारखान्यासाठी दिवे केले.

लेला १९३४ची, उदिने गावच्या वाले घराण्यातली. वडील वास्तुविशारद, भाऊ जीनो वाले पुढे नावाजलेला वास्तुविशारद. वास्तुविशारदांच्या एका संमेलनात दोघांची गाठ पडली, १९५७ साली लग्न झालं, आणि लगेच शिष्यवृत्त्यांवर ती दोघं अमेरिकेला गेली. तीन वर्षांनी परत येऊन त्यांनी मिलानमध्ये दोघांच्या नावाने कार्यालय उघडलं. त्या काळातली दोन कामं जवळून पाहण्यासारखी आहेत. मिलानच्या पिक्कोलो तेआत्रो या नाट्यगृहाची भित्तिपत्रकं घ्या. त्यांत चित्र नाही, नटाचा चेहरा नाही. कागद आडव्या जाड काळ्या रेघांनी विभागलेला, आणि रेघांच्या मधल्या पट्ट्यांत नाटकाचं नाव, तारखा, मंडळी. प्रयोग बदलला की मजकूर बदलायचा, रेघा तशाच. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुरूनच कळायचं की हे पिक्कोलोचं पत्रक आहे. दुसरं काम मेलामाइनच्या ताटवाट्यांचं, १९६४चं. सरळ उभ्या कडा, एकावर एक ठेवली की घट्ट बसणारी भांडी. रचून ठेवली म्हणजे त्यांचा एक गुळगुळीत खांबच तयार व्हायचा. त्याच वर्षी त्यांना इटलीतला मानाचा ‘कोम्पासो द’ओरो’ पुरस्कार मिळाला. पुढे अमेरिकेत हेलर कंपनीने हीच भांडी इंद्रधनुष्याच्या रंगांत काढली.

भित्तिपत्रक आणि ताटली या दोन गोष्टींत वरवर काही नातं दिसत नाही. पण दोन्हीकडे आधी एक माप ठरलं आहे, आणि पुढचं सगळं त्या मापाला धरून आलं आहे. ताटलीची कड आणि पत्रकातली रेघ एकच काम करतात: पुढच्या ताटलीला, पुढच्या प्रयोगाला जागा ठरवून देतात. मासिमो आयुष्यभर सांगत राहिला की डिझाइन एकच असतं, विषय बदलले तरी विचार करायची शिस्त बदलत नाही. नव्या क्षेत्रात शिरताना त्याने कधी नवी शैली घेतली नाही. या हट्टामुळेच तो इतक्या क्षेत्रांत शिरू शकला, असं मला वाटतं.

१९६५ साली शिकागोत युनिमार्क इंटरनॅशनल या संस्थेची स्थापना झाली. राल्फ एकरस्ट्रॉम, जे डॉब्लिन, बॉब नोर्डा आणि मासिमो हे संस्थापकांपैकी. बाउहाउस या जर्मन डिझाइन-शाळेतला हर्बर्ट बायर सल्लागार म्हणून आला. मासिमो आणि लेला न्यूयॉर्कला आले, आणि मासिमो तिथल्या कार्यालयाचा प्रमुख झाला. युनिमार्कमध्ये डिझायनर प्रयोगशाळेतल्यासारखे पांढरे कोट घालून बसत. त्यामागची भूमिका गंभीर होती: हे काम लहरीवर चालत नाही, त्याला पद्धत आहे, आणि पद्धत शिकवता येते. फोर्ड, जे. सी. पेनी यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या गिऱ्हाईक होत्या. १९६७ साली अमेरिकन एअरलाइन्सचं काम झालं: हेल्वेटिका अक्षरात कंपनीचं नाव सलग, अर्धं लाल, अर्धं निळं, आणि विमानाचं अंग रंग न लावलेल्या चकचकीत धातूचं. त्यातला गरुड मासिमोला नको होता, तो कंपनीच्या आग्रहाने आला. ते चिन्ह २०१३पर्यंत टिकलं. कंपन्या दर दहा वर्षांनी बोधचिन्ह बदलतात, त्या धंद्यात हे आयुष्य फार मोठं आहे.

भुयारी रेल्वेची गोष्ट मात्र विस्ताराने सांगायला हवी. न्यूयॉर्कची ही रेल्वे मुळात तीन वेगवेगळ्या यंत्रणांची मिळून बनलेली. दोन खासगी कंपन्यांच्या आणि एक शहराची. १९४०मध्ये त्या एका छत्राखाली आल्या, पण पाट्या आपापल्याच राहिल्या. कुठे भिंतीत बसवलेली मोझेकची अक्षरं, कुठे इनॅमलचे पत्रे, कुठे हाताने रंगवून टांगलेल्या सूचना. एकाच खांबावर तीन पिढ्यांच्या पाट्या. नोर्डाने त्याआधी मिलानच्या नव्या मेट्रोच्या पाट्या केल्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये तो स्थानकांत उतरला आणि त्याने पाहिलं ते हे: प्रवासी चालतात कसे, थांबतात कुठे, कोणत्या कोपऱ्यावर त्यांना डावी-उजवी ठरवावी लागते. त्यातून नियम निघाला की माहिती निर्णयाच्या जागी द्यायची. आधी नाही, नंतरही नाही, आणि त्या जागी लागेल तेवढीच. जिन्याच्या तोंडाशी फक्त कुठल्या दिशेची गाडी ते सांगायचं, फलाटावर गेल्यावर पुढची स्थानकं.

मग त्या नियमांना वस्तूचं रूप दिलं. एक फूट बाय एक फूट असा चौकोनी पत्रा हे मूळ माप. एका चौकोनात एक बाण किंवा एका गाडीचा रंगीत गोल. नावासाठी चौकोन जोडत जायचे. अक्षरांचे आकारही मोजकेच ठेवले. हे सगळं १९७०च्या नियमपुस्तिकेत आखून दिलं आहे. अक्षर कोणतं, दोन अक्षरांत अंतर किती, बाण कुठे वळतो. हेल्वेटिका त्या वेळी अमेरिकेत सहज मिळत नव्हतं म्हणून पुस्तिकेत स्टँडर्ड मीडियम हे अक्षर सांगितलं. हेल्वेटिका अधिकृतपणे आलं ते १९८९मध्ये. अक्षर बदललं, रंग उलटले, काळी रेघ चुकून आली आणि तरीही पद्धत ढळली नाही. डिझाइन किती मजबूत आहे याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. २०१२ साली या पुस्तिकेची एक प्रत न्यूयॉर्कमधल्या एका डिझाइन संस्थेच्या तळघरातल्या लॉकरमध्ये सापडली. दोन तरुण डिझायनरांनी ती लोकवर्गणीतून पुन्हा छापली, आणि पाट्यांच्या कारखान्यासाठी लिहिलेली ती कोरडी पानं जगभरच्या हजारो लोकांनी विकत घेतली.

१९७२च्या ऑगस्टमध्ये नकाशा आला. प्रत्येक मार्गाला एक रंग, प्रत्येक स्थानकाला एक ठिपका, आणि सगळे मार्ग फक्त सरळ किंवा पंचेचाळीस अंशांत वळणारे. प्रत्यक्ष आखणीत युनिमार्कमधल्या जोन चॅरिसिनचा मोठा वाटा होता. चित्र म्हणून तो नकाशा इतका सुंदर आहे की आज तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. प्रवाशांचं मात्र त्याच्याशी जमलं नाही. सेंट्रल पार्क ही बाग रुंदीच्या पाचपट लांब आहे. नकाशात ती जवळपास चौकोनी झाली होती, आणि रंगाने करडी. पाणी निळं नव्हतं, मातकट होतं. पन्नासाव्या रस्त्यावरचं एक स्थानक आठव्या अव्हेन्यूच्या पलीकडे पडलं होतं, जे रोज तिथून चालणाऱ्याला डोळे मिटूनही चूक कळावं. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाने भूगोल वाकवला तर कुणी तक्रार करत नाही, कारण लंडनच्या वेड्यावाकड्या रस्त्यांचा नकाशा कुणाच्याच डोक्यात सरळ बसलेला नसतो. न्यूयॉर्कमधले रस्ते सरळ, आकड्यांचे. तिथल्या माणसाला आपण कुठल्या चौकात आहोत हे कायम ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असलेल्या गोष्टीलाच नकाशाने धक्का लावला. १९७९मध्ये तो काढून घेतला आणि भूगोलाशी जुळणारा दुसरा नकाशा आला.

मासिमोचं म्हणणं होतं की हा नकाशा एकटा वापरायचाच नव्हता. त्याच्या शेजारी स्थानकाच्या परिसराचा, रस्ते दाखवणारा वेगळा नकाशा हवा होता. रेल्वेचं जाळं एका कागदावर, जमीन दुसऱ्यावर. तो संच पूर्ण झाला नाही. हे खरं आहे, आणि तरी मला वाटतं की दोष निम्मा त्याच्याकडे जातो. पाट्यांची पद्धत अर्धवट हातांत पडूनही चालली, कारण तिचा प्रत्येक चौकोन आपापला अर्थ घेऊन उभा होता. नकाशा मात्र सगळा संच नसला की उणा पडत होता. दुसऱ्यांच्या हाती जाणाऱ्या कामाने दुसऱ्यांची कसूर गृहीत धरायला हवी. खुद्द मासिमोलाही पुढे बागा आणि पाणी त्या नकाशात नकोच होतं असं वाटू लागलं. २००८मध्ये त्याने नकाशा नव्याने केला, २०११मध्ये त्याच धर्तीवर शनिवार-रविवारच्या बदललेल्या गाड्यांसाठी संगणकावरचा नकाशा आला. आणि २०२५च्या एप्रिलमध्ये रेल्वेने १९७९नंतरचा आपला पहिला पूर्ण नवा नकाशा काढला, तेव्हा तो पुन्हा सरळ रेघांचा आणि मार्गागणिक वेगळी रेघ असलेलाच होता.

युनिमार्क फार झपाट्याने वाढली आणि सत्तरच्या दशकात कोसळली. त्याआधीच, १९७१ साली, मासिमो आणि लेला यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःची ‘व्हिन्येली असोसिएट्स’ काढली. ती त्यांनी मुद्दाम लहान ठेवली. नॉल या फर्निचर कंपनीसाठीची मुद्रणकामं, ब्लूमिंगडेल्स या दुकानाचं अक्षरचिन्ह, फर्निचर, प्रदर्शनं ही कामं एकाच मेजावर होत. मायकल बेरट हा आजचा नामवंत डिझायनर १९८० साली कॉलेजातून थेट इथे आला आणि दहा वर्षं राहिला.

या पर्वातलं जे काम मी सगळ्यांत वर ठेवीन, ते अगदी साधं आहे: अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशाशी मिळणारं घडीचं पत्रक. १९७७पर्यंत प्रत्येक उद्यानाचं पत्रक वेगळ्या आकाराचं, वेगळ्या कागदावर, वेगळ्या छापखान्यात. मासिमोने उद्यान सेवेच्या लोकांबरोबर बसून ‘युनिग्रिड’ ही पद्धत बसवली. एक मोठा कागद घ्यायचा, त्याचे सारखे उभे भाग पाडायचे, आणि त्या भागांच्या बेरजेतून दहा ठरावीक आकार काढायचे. घडी घातली की प्रत्येक पत्रक खिशात मावणारं, आणि वर काळ्या पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांत उद्यानाचं नाव. कागद ठरलेला म्हणून तो एकगठ्ठा घेता येतो, कापताना वाया जात नाही. मापं ठरलेली म्हणून संपादकाचा वेळ कागदाच्या आकारावर जात नाही, तो मजकुरावर, नकाशावर, चित्रांवर लागतो. १९८५मध्ये या उपक्रमाला राष्ट्राध्यक्षांचा डिझाइन पुरस्कार मिळाला. त्यातलं हेल्वेटिका पुढे बदललं गेलं. काळा पट्टा आणि घडी आजही तशीच आहे, आणि ती पत्रकं करणाऱ्या कितीतरी लोकांनी मासिमोला कधी पाहिलेलं नाही.

१९७७ सालीच मॅनहॅटनमध्ये सिटिकॉर्पच्या उंच इमारतीच्या पायथ्याशी सेंट पीटर्स हे लुथरन चर्च उभं राहिलं. त्याचं अंतरंग या दांपत्याचं: बाकं, वेदी, ऑर्गनचं कवच, पूजेची चांदीची भांडी, सगळं. एका खोलीत त्यांचं सगळं शास्त्र उभं आहे.

मासिमोच्या हट्टाची दुसरी बाजूही या पुस्तकाच्या वाचकाने ओळखून असावी. मोजकी अक्षरकुळं पुरतात, बाकीची बहुतेक निरुपयोगी आहेत, असं तो ठामपणे म्हणे. संगणकावर नवनवी अक्षरं घडवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या ‘एमिग्रे’च्या मंडळींवर १९९१च्या सुमारास त्याने जाहीरपणे तोफ डागली, त्यांचं काम म्हणजे कचरा आहे इतक्या टोकाला गेला. त्यात अन्याय होता. तंत्र बदललं की अक्षरही बदलणार, हे छपाईच्या इतिहासाने वारंवार दाखवलं आहे. पण पाचच वर्षांनी ‘एमिग्रे’च्या झुझाना लिच्कोने बोदोनी या जुन्या अक्षराच्या धर्तीवर ‘फिलोसोफिया’ हे अक्षर घडवलं, तेव्हा त्याच्या घोषणेचं भित्तिपत्रक मासिमोनेच केलं. मतं सोडून दिली नाहीत, पण चांगलं काम समोर आल्यावर पाठही फिरवली नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी त्याचं अक्षरांविषयीचं मत जसंच्या तसं उचलू नये, असं मी आग्रहाने सांगेन. तो एका लिपीच्या, सपाट ओळींच्या जगात काम करत होता. देवनागरीत मात्रा वर चढतात, उकार खाली उतरतात, जोडाक्षरं रुंदी बदलतात. दोन ओळींतलं अंतर हेल्वेटिकाच्या हिशेबाने ठेवलं तर रफार आणि उकार एकमेकांत अडकतात. र. कृ. जोशींसारख्या अक्षरकाराने लिपीच्या या स्वभावावर आयुष्य घालवलं तेव्हा कुठे संगणकावर ‘मंगल’सारखं वापरता येणारं अक्षर आलं. शिवाय मुंबईच्या उपनगरी स्थानकावर एकच नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहावं लागतं, त्यातल्या दोन भाषा एकाच लिपीतल्या. ‘दादर’ दोन्हींत सारखं, ‘शीव’ मात्र हिंदीत ‘सायन’. तीन ओळींत कोणती मोठी, कोणती आधी, धावत्या गाडीच्या दारातून कोणती वाचली जाते, याचं उत्तर मासिमोच्या पुस्तिकेत मिळणार नाही. नोर्डाने खाली उतरून जे केलं, ते मात्र दादरच्या पुलावर जसंच्या तसं करता येईल. माणसं कुठे थांबतात ते आधी पाहायचं.

लेलाविषयी शेवटी लिहितो आहे, पण वाचकाने तिला शेवटी ठेवू नये. अनेक वर्षं वर्तमानपत्रांनी आणि समीक्षकांनी या कार्यालयाचं काम एकट्या मासिमोच्या नावावर जमा केलं. कार्यालयातलं फर्निचर, अंतर्गत सजावट, प्रदर्शनं आणि चांदीकाम यांची सूत्रं बहुतेक लेलाकडे असत. कल्पना कागदावर आली की ती उभी राहील का, परवडेल का, आणि मुळात गरजेची आहे का, हे विचारणारी ती होती. मिलानच्या सान लोरेंझो या चांदीकाम करणाऱ्या कंपनीसाठी तिने केलेली चांदीची भांडी आणि दागिने पाहिले की मापाची तीच शिस्त दिसते, पण तिथे हात अधिक मऊ आहे. १९८२चं अमेरिकी ग्राफिक कला संस्थेचं पदक दोघांना मिळून दिलं गेलं. अखेरच्या वर्षांत मासिमोने खास तिच्या कामावर एक पुस्तक तयार केलं, आणि नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या स्त्री वास्तुविशारदांचं आणि डिझायनरांचं श्रेय कसं बुडवलं जातं हे त्यात स्पष्ट लिहिलं. मासिमो २०१४च्या मे महिन्यात गेला, लेला २०१६च्या डिसेंबरात.

ज्यांना मूळ साहित्य पाहायचं आहे त्यांच्यासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथल्या तंत्रसंस्थेत २०१०पासून व्हिन्येली अभ्यास केंद्र आहे. इमारत त्यांनीच आखलेली, आणि आयुष्यभराचा संग्रह त्यांनीच दिलेला. तिथवर जाणं शक्य नसेल, तर मासिमोचं ‘द व्हिन्येली कॅनन’ हे छोटं पुस्तक वाचावं. ते त्याने आधी इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य दिलं आणि मग २०१०मध्ये ते छापून आलं. त्याचा पहिला भाग अर्थाचा आहे, मापांचा दुसरा. हा क्रम सोडू नये. पुढच्या प्रकरणांतली चित्रं पाहताना माझी एकच सूचना आहे. बोधचिन्हांची पानं सगळ्यांच्या ओळखीची आहेत, ती मागाहून पाहिली तरी चालतील. आधी युनिग्रिडच्या पानावर थांबावं, वहीचा एक ताव घ्यावा, त्या मापांनी घड्या घालून पाहाव्यात आणि आपल्या गावच्या एखाद्या किल्ल्याची माहिती त्यात बसवून बघावी.